आमची अशुद्ध पलटण

मी ज्या राज्यात नोकरी करतो, त्या राज्याच्या सरकारनं १९९९ साली स्वतःच्या पैशानं जर्मनीभर जाहिरात केली, की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन तेवढी येत नाही. राज्याचं नाव बाडेन-व्युर्टेमबर्ग. मर्सिडीज यांची, पोर्शे यांची, बॉश यांची. त्यामुळे ‘सगळं येतं’ यावर कोणी फारसा वाद घातला नाही, आणि उरलेल्या अर्ध्या वाक्यावर तर बाकीच्या जर्मनांचं आधीपासूनच एकमत होतं. जाहिरात वीस वर्षांहून जास्त चालली. आपल्याकडे एखाद्या सरकारनं असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता. इथं लोकांना ती आवडली.

याच राज्यात नर्स म्हणून यायचं असेल, तर मात्र शुद्ध जर्मनची बी-टू परीक्षा पास व्हावी लागते. जे घरच्यांना येत नाही ते पाहुण्यानं शिकून यायचं, असा हा पाहुणचार आहे. मी शिकलो. मी सेलू तालुक्यातला. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की पवनार मागं टाकल्यावर जे सेलू लागतं, ते. नर्सिंग झालं, काही वर्षं नागपुरात नोकरी झाली आणि मग एका भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसून मी जर्मन व्याकरण पाठ केलं. बोलण्याच्या परीक्षेत माझ्या वाट्याला ‘प्लास्टिकचा अतिवापर’ हा विषय आला. मी कारणं सांगितली, उपाय सुचवले, भावी पिढ्यांची काळजी केली. प्लास्टिकबद्दल मी मराठीतही आजवर एवढं बोललेलो नाही. परीक्षक बाई समाधानानं मान हलवत होत्या. प्रमाणपत्र आलं, आईनं ते देवाजवळ ठेवलं. बाबांनी डॉ. कोटणीसांची गोष्ट काढली: सोलापूरचा माणूस १९३८ साली चीनला गेला, चिनी शिकला, शस्त्रक्रिया करता करता त्याच भाषेत तिथल्या पोरांना शिकवूही लागला. “अन् तू कायले घाबरून राह्यला?” कोटणीसांना कोणी प्लास्टिकवर बोलायला लावलं नव्हतं, हे मी मनात म्हटलं.

स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या वृद्धाश्रमात रुजू झालो. पहिल्या सकाळी ज्या खोलीत शिरलो तिथं ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा पलंगावर बसले होते. मी परीक्षेत घालतात तसा स्वच्छ उच्चारांचा नमस्कार घातला. त्यांनी उत्तर दिलं. ते पुष्कळ लांब होतं. त्यात माझ्या ओळखीचा एकही शब्द नव्हता, प्लास्टिकसुद्धा नाही.

हे आजोबा श्वेबिश बोलत होते. या मुलखाची ती बोली. तिच्यात शेवटची अक्षरं गिळतात, मधली पसरवतात आणि प्रत्येक वस्तूला शेपूट लावून ती लहान करतात. घर घरुलं होतं, गाडी गाडुली होते. मनातल्या मनात मी त्यांना आबाजी म्हणायला लागलो, कारण आमचे आबाजीही बाहेरगावच्या पाहुण्याला पाहिलं की मुद्दाम जास्तच वऱ्हाडी बोलत.

आता इथं कामाची एक भानगड सांगायला हवी, नाहीतर भाषेचं एवढं अडतं कुठं हे कळणार नाही. आपल्याकडे दवाखान्यात नर्सनं सलाइन लावायचं, इंजेक्शन द्यायचं, ड्रेसिंग करायचं. आंघोळ घालणं, भरवणं, केस विंचरणं ही कामं पलंगाखाली चटई टाकून मुक्कामाला आलेल्या मावशीची, नाहीतर धाकट्या जावयाची. इथं उलटं. इथल्या दवाखान्यातसुद्धा शिरेत सुई घालायला बहुतेक वेळा डॉक्टर येतो, आणि आंघोळ नर्स घालते. हे इथं येणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ नर्सेसना सुरुवातीला मानवत नाही. मला मानवलं, पण दुःख वेगळंच होतं. अंधारात, हलत्या अँब्युलन्समध्ये, उन्हानं सुकलेल्या मजुराच्या हातातली शीर शोधून काढणारा माणूस मी. त्या विद्येला इथं गिऱ्हाईक नव्हतं. सुई लावताना ‘थोडं दुखेल’ एवढं म्हटलं की भागतं. पण एका वडीलधाऱ्या माणसाची पाठ चोळताना अर्धा तास गप्प कसं राहायचं? त्यांना अवघड होतं, आपल्याला त्याहून अवघड होतं. काहीतरी बोलावंच लागतं, आणि तेही पाण्याबद्दल, गुडघ्याबद्दल, न येणाऱ्या मुलाबद्दल, १९६० सालच्या ट्रॅक्टरबद्दल. बी-टूत ट्रॅक्टर नाही.

मुलाखतीत सांगितलं होतं, टीम फार सपोर्टिव्ह आहे. हे सगळ्याच मुलाखतींत सांगतात, त्यामुळे मी ते पगाराच्या आकड्यानंतर विसरून गेलो होतो. आमच्या मुख्य सिस्टर अस्सल श्वाबियन. सुरुवातीचे काही आठवडे त्या माझ्या नोंदी वाचत, “हं” म्हणत आणि पुढं जात. ना चूक काढली ना शाबासकी दिली. माझी खात्री पटत चालली, की ही बाई माझ्या परतीच्या तिकिटाची चौकशी करते आहे. शेवटी तुर्की सहकारिणीनं मला बाजूला घेऊन समजावलं: या लोकांत म्हणच आहे, रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. हे ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माझ्या बारावीच्या निकालावर आमचे बाबा “ठीक हाये” एवढंच म्हणाले होते, आणि मग माझ्या पाठीमागं अख्ख्या गावात पेढे वाटून आले होते.

या तुर्की बाईंचे वडील इथं मोटारीच्या कारखान्यात कामाला आले ते १९६१ च्या जर्मनी-तुर्की करारानंतर. त्यांना वाटलं होतं दोन वर्षांत पैसे जमवून परत जाऊ. त्यांच्या नातवंडांची लग्नं आता इथं होत आहेत. दुसरी सहकारीण केरळची. म्हणजे आई केरळची. साठच्या दशकात चर्चमार्फत केरळच्या मुली इथं नर्स म्हणून आल्या, त्यांतली. ही इथंच जन्मली. तिला पाहून मला कोण आनंद झाला! मी हिंदीत सुरुवात केली. तिला हिंदी येत नव्हती. मला मल्याळम येत नव्हती. आम्ही दोन भारतीय आजवर एकमेकांशी जर्मनमध्ये बोलतो, तीही माझी शुद्ध आणि तिची श्वेबिश. त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की मध्ये तुर्की बाई लागतात.

मग आमचा क्रोएशियन. नव्वदच्या दशकातल्या युद्धात आईबापांबरोबर लहानपणी इकडं आलेला. याची जर्मन कानानं शिकलेली: बोलायला लागला की थांबत नाही, आणि लिहायला बसला की सुरू होत नाही. माझं नेमकं उलटं. कागदावर मी कर्मणी प्रयोग करतो, आणि फोन वाजला की बाथरूममध्ये जातो. परभाषेत फोन ही क्रूर वस्तू आहे. समोर माणूस असला की निम्मं त्याच्या हातांवरून, भुवयांवरून कळतं. फोनवर नुसता आवाज, आणि तोही एखाद्या रुग्णाच्या चिडलेल्या मुलीचा. तेव्हा आमच्यात कोणतीही बैठक न होता एक करार झाला. माझे फोन तो घेतो, त्याच्या नोंदी मी लिहितो. इथं नोंदींना फार मान आहे. कोणी किती सूप प्यालं, कुशीवर कधी वळवलं, सगळं लिहायचं, कारण लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. त्याचे रुग्ण माझ्या व्याकरणात झोपतात आणि माझ्या रुग्णांचे नातेवाईक त्याच्या गप्पांनी शांत होतात. आमच्या दोघांत मिळून एक पूर्ण जर्मन माणूस तयार होतो. पगार मात्र दोन निघतात.

फिलिपिनो सहकारिणीनं जर्मन लिंगांपुढं केव्हाच हात टेकले आहेत. तीन लिंगं आपल्यालाही आहेत, त्यामुळे मी सुरुवातीला जरा तोऱ्यात होतो. पण इथं चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, हे कळल्यावर तोरा उतरला. ती सरसकट सगळं जग स्त्रीलिंगी करून टाकते. एकदा नाश्त्याच्या वेळी लोण्याचं लिंग कोणतं यावर खल झाला. पुस्तकाप्रमाणे स्त्रीलिंगी, हे मी छातीठोकपणे सांगितलं. फिलिपिनो बाई आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरल्या म्हणून टाळ्या वाजवायला लागल्या. शेवटी निवाड्यासाठी मुख्य सिस्टरांकडे गेलो, तर त्या म्हणाल्या पुल्लिंगी! श्वेबिशमध्ये लोणी पुल्लिंगी असतं. म्हणजे खोलीतली एकमेव जन्मजात जर्मन व्यक्ती पुस्तकाप्रमाणे चुकली, आणि शुद्ध बोलायचं झालं की त्याही आमच्यासारख्याच जिभेला लगाम लावून, शाळेतलं आठवून बोलतात हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. घरची बोली वेगळी, कामाची भाषा वेगळी. त्यांनाही ती शाळेत जाऊनच शिकावी लागली होती. तेव्हापासून मी त्यांना जरा कमी भ्यायला लागलो.

एकदा तर मी जर्मन माणसाला जर्मन समजावून सांगितली. हॅम्बुर्गकडचा एक तरुण डॉक्टर आला होता. आबाजींनी त्याला छातीत कळ कधी आली ते सांगितलं: “पाव तीन”ला. डॉक्टर गोंधळला. सव्वातीन की पावणेतीन? दोन्ही नाही. या मुलखात पाव तीन म्हणजे सव्वादोन. तिसऱ्या तासातला पाव भाग सरला. अर्धा तीन म्हणजे अडीच, हे सगळे जर्मन म्हणतात. पण पाऊण तीन म्हणजे पावणेतीन, हे उत्तरेकडच्या पुष्कळांना अवघड जातं. मला का जावं? अडीच आणि पावणेतीन ऐकत वाढलेला माणूस मी. आमची शेतातली मोटर त्याच हिशोबानं चालू-बंद व्हायची. आकड्यांचंही तेच. जर्मन बत्तीस म्हणताना आधी दोन म्हणतात मग तीस. आपणही तेच करतो. रक्तदाबाचे आकडे सांगताना फिलिपिनो बाई अजून बोटं मोजतात, मी मराठीतून सरळ उतरवतो. डॉक्टरनं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही मूळचे इथलेच का?” माझ्याकडे पाहून हा प्रश्न पडायला माणूस फारच थकलेला असावा लागतो, त्याची रात्रपाळी होती.

एवढं असूनही इथं माझी ख्याती शांत, विचारी माणूस अशी आहे. विनोद करायचा म्हणजे वाक्य जुळवावं लागतं, त्याचं क्रियापद शेवटी ठेवावं लागतं, आणि ते शेवटी ठेवेपर्यंत टीम दुसऱ्या विषयावर गेलेली असते. तरी पोरं चांगली. मी तोंड उघडलं की सगळे थांबतात, माझ्याकडे प्रेमानं पाहतात आणि वाक्य संपायच्या आधीच हसून घेतात, चुकून हसायचं राहून जाऊ नये म्हणून. यापेक्षा दुर्लक्ष परवडलं. बायकोला फोनवर सांगितलं, की इथं मला मितभाषी म्हणतात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा कोर्स वर्ध्यात कधी निघते?”

गप्प राहायचं तर आमच्या जिल्ह्याला त्याची परंपराही आहे म्हणा. सेवाग्रामला राहिलेले प्राध्यापक भन्साळी यांनी एके काळी वर्षानुवर्षं मौन पाळलं, आणि तोंडून शब्द निसटू नये म्हणून ओठ चक्क तांब्याच्या तारेनं शिवून घेतले होते. पुढं याच माणसानं १९४२ साली चिमूरच्या अत्याचारांविरुद्ध दोन महिने उपोषण केलं. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः फोन वाजला की, मला तांब्याच्या तारेची फार आठवण येई.

आमच्या घरच्या आबाजींचं लहानपण सेवाग्रामजवळ मामाच्या घरी गेलं. संध्याकाळी पोरं आश्रमाच्या प्रार्थनेला जाऊन बसत. पुस्तकातल्या आश्रमात चरखा असतो, त्याग असतो. आबाजींच्या आश्रमात नुसते आवाज होते. गांधीजी गुजराती. मीराबेन इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. नई तालीम चालवणारे आर्यनायकम् सिलोनचे तमिळ, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. वर्ध्यात मगनवाडीला ग्रामोद्योगांचं काम पाहणारे कुमारप्पा तंजावरचे. धनुष तकली तयार करणारे मॉरिस फ्रीडमन पोलंडचे इंजिनिअर. याच गृहस्थांनी पुढं मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेली. प्रार्थनेत एक मंत्र जपानी, फुजी गुरुजींच्या भिक्षूंमुळे आलेला. ही मंडळी एकमेकांशी पुष्कळदा हिंदुस्थानीत बोलायची, आणि हिंदुस्थानी त्यांतल्या जवळजवळ कोणाचीच नव्हती. भोवतालचं गाव वऱ्हाडी बोलायचं, ती तर आश्रमातल्या बहुतेकांच्या डोक्यावरून जायची. आबाजी एकेकाची हिंदी करून दाखवत तेव्हा आम्ही पोरं लोळून हसत असू. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली वर्ध्यातच निघाली यात मला कधी आश्चर्य वाटलं नाही. गरज डोळ्यांसमोर होती. टपालखात्याचाही गोंधळ होताच. सेगावची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडायची, म्हणून १९४० साली गावाचं नावच सेवाग्राम केलं. तर अशा या पलटणीनं, कोणाचंही लिंग-वचन जागेवर नसताना, देशाच्या शिक्षणाचा आराखडा काढला. आमच्याकडून फक्त सूप वेळेवर जाण्याची अपेक्षा आहे.

माझं मौन सुटलं ते उन्हाळ्यात. पारा छत्तीसवर गेला आणि अख्खं गाव हवालदिल झालं. वर्ध्यात मे महिन्यात शेहेचाळीस असताना लोक लग्नाची वरात काढतात; पण या इमारतीत एसी नाही, पंखे नाहीत, भिंती थंडी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या. आणि या लोकांना खिडक्या उघडायचं वेड. हवा खेळती पाहिजे, हा इथं जवळजवळ धर्म आहे. भर बारा वाजता मुख्य सिस्टर एकेक खिडकी सताड उघडत निघाल्या. मी पाहिलं आणि माझ्यातला सेलूचा माणूस उठला. “बंद करा! सगळ्या! आत्ता!” असं मी ओरडलो. आदरार्थी सर्वनाम नाही, दुय्यम वाक्य नाही, कृपया नाही. सगळे थिजले. त्या म्हणाल्या, हवा लागेल. मी म्हणालो, ही हवा नाही, ही झळ आहे. त्या म्हणाल्या, तीस वर्षं मी हेच करते. मी म्हणालो, तीस वर्षं इथं छत्तीस नव्हतं. भांडण चांगलं दहा मिनिटं चाललं, आणि त्यात मी एकदाही शब्द शोधायला थांबलो नाही. प्रेक्षकांत उभा असलेला क्रोएशियन हळूच म्हणाला, “याला फोन द्या रे कोणीतरी.”

खिडक्या बंद झाल्या. पडदे ओढले, जुन्या चादरी ओल्या करून टांगल्या, रात्री सगळं उघडलं. वाळ्याचे ताटे मिळाले असते तर तेही लावले असते. मग स्वयंपाकघरात जाऊन ताक केलं. इथं दुकानात ताक मिळतं, जुन्या शेतकऱ्यांना ते ओळखीचं आहे. मी फक्त मीठ, जिरेपूड आणि चिरलेला सांबार टाकला. विदर्भाबाहेरच्या वाचकांनी दचकू नये, कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. आबाजींनी एक घोट घेतला, पेल्यात वाकून पाहिलं आणि दुसरा मागितला. मुख्य सिस्टरांनीही चाखलं. “हं,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पाककृती टाईप करून फ्रिजवर चिकटवली. ताक त्यात पुल्लिंगी केलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

२०२४ साली महाराष्ट्र शासनानं याच राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून मला वर्ध्याहून फोन येतात. तिथले फोन मी स्वतः घेतो. “भाऊ, भाषा जड जाते का?” “भाऊ, लोकं कसे हायेत?” आईचा प्रश्न एकच असतो, आणि तो भाषेबद्दल कधीच नसतो: “जेवाले देतेत ना बरोबर?” आता आमच्या मजल्यावर ठाण्याची एक मुलगी रुजू झाली आहे. हुशार. तिची जर्मन ऐकून मुख्य सिस्टरही सावरून बसतात. पहिल्या सकाळी ती आबाजींच्या खोलीत गेली आणि थोड्याच वेळात पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आली. मी आत जाऊन सगळं ऐकून घेतलं. परदेशात मराठी कानांना मराठीत समजावून सांगायची संधी, आणि तीही श्वेबिशवरून! मी एका दमात सांगितलं:

“हे पाय, आबाजी तुह्यावर रागावले नाही, तेंचं बोलणंच तसं हाये. थे म्हणून राह्यले का कालदी रातच्यानं लय उकडून राह्यलं होतं, खिडकी कायले लावली? अन् सांजच्याले तेईले पेलाभर ताक देजो. मंग त्याच्यात जराकसा सांबार टाकजो.”

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. वहीत काही लिहायला पेन उघडलं, मिटलं.

“थँक यू, दादा,” ती म्हणाली. “आता हेच जर्मनमध्ये सांगता का?”